वासुदेव रावांच्या गाडीचे सांधे

सैन्यातलं माझं पहिलं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका वर्कशॉपवर झालं. मी माण तालुक्यातला. नववीत शाळा सुटली, आठवीच्या दाखल्यावर ट्रेड्समन म्हणून भरती झालो. सकाळी पीटी, मग फॉल-इन, मग गाड्या. माझं काम पाने पुसायचं आणि जॅक ढकलायचं. आपल्याला काही येत नाही हे साहेबांना कळलं तर घरी पाठवतील, ही कायमची धास्ती.

तिथे हवालदार वासुदेव राव व्हेइकल मेकॅनिक होते. चेन्नईतल्या आवडी या उपनगरातले, पण घरात मराठी. तंजावरकडची जुनी मराठी, तमिळच्या चालीवर. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "जेवण जालें का?" गाव सोडल्यापासून हे मला मराठीत कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो. त्यांनी ओळखलं आणि आपल्या डब्यातला भात पुढे केला.

काम त्यांनीच शिकवलं. स्टिअरिंग आणि चाक यांना जोडणारा एक सांधा असतो, टाय रॉड एंड. त्याचा निमुळता दांडा चाकाकडच्या आर्मच्या भोकात घट्ट बसतो. गंज चढला की नट काढला तरी दांडा हलत नाही. नवा माणूस दांड्यावर हातोडा घालतो. आटे चेपतात, दांडा तिथंच. राव म्हणायचे, "दांड्याशी भांडू नको. भोकाच्या दोन्ही अंगांना मार. दोन हातोडे, समोरासमोर, एकदम." भोक क्षणभर दबतं आणि दांडा सोडतं. ते "एक, दोन, हां" म्हणायचे आणि "हां"वर आम्ही दोघं मारायचो.

आमच्या वर्कशॉपचा एक रिवाज होता. ज्यानं स्टिअरिंग खोललं, त्यानं रोड टेस्टला गाडीत बसायचं. ड्रायव्हरला एकटं पाठवायचं नाही.

एका सकाळी वरच्या रस्त्यावर ट्रक अडला. आम्ही रिकव्हरीची गाडी घेऊन गेलो. सांधा जाम होता. तो काढून नवा बसवला. ड्रायव्हर चढला, राव शेजारी बसले. मीही पाय वर ठेवला.

"तू वळणावर जा. समोरून येणारी गाडी थांबव."

"सर, मी पण खोललंय."

"ऑर्डर आहे."

मी वळणावर गेलो. माझ्या वायरलेस सेटवर त्यांचा आवाज आला. "रिकव्हरी टू कंट्रोल. रोड टेस्ट सुरू. ओव्हर."

"कंट्रोल. ओके. ओव्हर."

मग वरचा डोंगर खाली आला. रस्त्याचा तेवढा तुकडा ट्रकसकट दरीत गेला. कंट्रोल बराच वेळ हाक मारत होतं. "रिकव्हरी, कम इन. रिकव्हरी." शेवटी उत्तर मी दिलं.

ट्रक वर काढला त्या पार्टीत मी होतो. सगळ्यांत आधी मी सांधे पाहिले.

निवृत्तीनंतर मला चेन्नईत, गिंडी भागातल्या एका छोट्या कारखान्यात नोकरी लागली. राहायला आवडीत खोली रावांच्या पत्नीनं, सुगुणा वैनींनी शोधून दिली. परक्या मुलखात मला तमिळ येत नव्हतं, तेव्हा किराणावाल्याशी माझं भांडणसुद्धा त्याच करायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

रावांची पांढरी गाडी घराच्या अंगणात उभी होती. पावसाळ्यात अंगणात पाणी साचायचं. गाडी उभ्या उभ्या गंजली आणि स्टिअरिंग दगड झालं. घर दोघा भावांचं. थोरले मनोहर राव, वैनींचे भावोजी, यांना अंगण मोकळं हवं होतं. त्यांनी भंगारवाल्याला रविवारी बोलावलं.

"गाडी आपल्या चाकांवर गेटबाहेर गेली तर ठेव," ते वैनींना म्हणाले. "नाही तर संध्याकाळी तो उचलून नेईल. आणि तुला त्या गाडीचा एवढा लोभ का? त्यानंच जोडलेल्या ट्रकच्या स्टिअरिंगनं त्याचा जीव घेतला."

वैनी तशाच उठल्या. त्यांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं.

इंजिन आदल्या आठवड्यात मी चालू केलं होतं. उरले होते सांधे. रविवारी सकाळी गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले, चाकं काढली. डावा सांधा पुलरनं, दांडा रेटून काढायच्या अवजारानं, निघाला. उजवा हलेना. नट अडवणारी स्प्लिट पिन काढली, नट सैल केला, दांडा उडू नये म्हणून थोड्या आट्यांवर तसाच ठेवला. तेल सोडलं. पुलर आवळला. काही नाही. जेवणाची वेळ टळून गेली.

मनोहर रावांनी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्या मुरुगनला आणलं, गॅसच्या नळकांड्यासकट.

"अण्णा, गॅस दिला की लगेच सुटेल," मुरुगन मला म्हणाला.

"तापवायचं नाही. शेजारी ब्रेकचा रबरी होज आहे. आणि तापलेला आर्म नरम पडतो. त्या आर्मवर मी वैनींना गाडी चालवू देणार नाही."

"मग भंगारात जाऊ दे," मनोहर राव म्हणाले.

"संध्याकाळ अजून व्हायची आहे, भावोजी," वैनी म्हणाल्या. "तोवर तुम्ही कॉफी घ्या."

मी म्हणालो, "वैनी, दुसऱ्या हातोड्याला माणूस पाहिजे."

"मी आहे की."

"जड आहे."

"अण्णा, लग्न होऊन आल्ये तेव्हापासून या घरचं इडलीचं पीठ दगडी रगड्यावर मी वाटलं. हातोडा द्या."

मुरुगननं हसून गॅस बाजूला ठेवला आणि आपला मोठा हातोडा त्यांच्या हातात दिला.

मी पुलर पुन्हा आवळला. "एक, दोन, हां." माझा घाव आधी पडला, वैनींचा मागून. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझा हातोडा निसटला. माझ्या लक्षात आलं, मी आयुष्यात कधी मोजलंच नव्हतं. राव मोजायचे, मी मारायचो.

"वैनी, तुम्ही मोजा."

त्यांनी पदर खोचला आणि तमिळमधून मोजलं, "ओण्णु, रेंडु, मूणु."

दोन्ही घाव एकदम पडले. टण्णकन आवाज झाला आणि दांडा सुटून नटावर लटकला. मुरुगननं शिट्टी मारली. मनोहर राव कॉफीचा टंबलर घेऊन उभेच होते.

नवे सांधे बसवले, पिना घातल्या, चाकं लावली. भंगारवाला गेटशी टेम्पो घेऊन आला होता. वैनी स्टिअरिंगवर बसल्या. मी शेजारी बसायला गेलो.

"तुम्ही उतरून समोर उभे राहा, गल्लीत पोरं खेळतात," मनोहर राव मला म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. "ज्यानं खोललं तो गाडीत बसतो."

वैनींनी गिअर टाकला. टेम्पोवाल्याला त्यांनी हॉर्न दिला, तसा तो मागे सरला. गाडी गेटबाहेर गेली, गल्लीच्या टोकाला वळली. स्टिअरिंग सहज फिरलं आणि सहज सरळ झालं. तिथे त्यांनी गाडी उभी केली.

"अण्णा, एक विचारू? त्या दिवशी स्टिअरिंग खरंच गेलं होतं?"

इतकी वर्षं त्यांनी हे विचारलं नव्हतं. मीही आपणहून सांगितलं नव्हतं. वाटलं, त्यांना ठाऊक असेल.

"नाही, वैनी. ट्रक वर आला तेव्हा मी हात लावून पाहिलं. नट घट्ट होते, पिना जागच्या जागी होत्या. रस्ता गेला. त्यांचं काम नाही गेलं."

त्यांनी पुन्हा गिअर टाकला. मग गाडी वळवून गेटशी आणली आणि काच खाली केली.

"भावोजी, या इकडे. अण्णा काय सांगतात ते ऐका."

मनोहर राव आले. मी गाडीतून उतरलो, सावधान उभा राहिलो आणि रिपोर्ट देतात तसं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. हवालदार वासुदेव राव, व्हेइकल मेकॅनिक. ड्युटीवर असताना दरड कोसळून शहीद झाले. त्यांच्या हातच्या कामात दोष नव्हता.