बिननावाच्या आकृत्या

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या गल्लीत रईसाबाईंना बहुतेक मास्तर ओळखत. मूत्रपिंड, जास्वंदीचा उभा छेद, बेडकाचं काळीज, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर काढलं जाई, नोट्समध्ये छापलं जाई आणि पोरांच्या दप्तरांत जाऊन बसे. बाई मूळच्या रेणापूरच्या. भूकंपाच्या साली बारावीला जीवशास्त्रात नापास होऊन घरी बसल्या होत्या. पुढं वडिलांच्या लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये हाताखाली राहिल्या, लग्न होऊन लातूरला आल्या आणि कॉम्प्युटर शिकल्या.

दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये खोली झाडताना वायर त्यांच्या पायात अडकली आणि हार्डडिस्क फरशीवर आपटली. अठरा वर्षांचं काम तिच्यात होतं. त्यांनी ती तीनदा लावून पाहिली. आतून नुसती टकटक ऐकू येई, स्क्रीनवर काही उमटेना. चौथ्यांदा लावायच्या आधी त्यांनी रेणुकादास सरांना फोन केला. सर प्राणिशास्त्र शिकवत, बाईंचं पहिलं काम त्यांचंच होतं. सरांनी आधी नव्या बॅचच्या नोट्सचं काय ते विचारलं, मग त्यांचा जुना विद्यार्थी मिहिर नांदेडला बिघडलेल्या डिस्कमधलं काम परत काढून देतो म्हणून पत्ता दिला.

डिस्क टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून बाई एसटीनं अहमदपूर, लोह्यावरून नांदेडला गेल्या. मिहिरनं टकटक ऐकली आणि लगेच वायर काढली. आतला वाचणारा भाग वाकलाय, पुन्हा लावली असती तर तबकडीच खरवडली असती, असं त्यानं सांगितलं. त्याच बनावटीची दुसरी डिस्क मिळवून तिचा भाग हिच्यात बसवावा लागणार होता. बाई दहा दिवसांनी परत गेल्या.

"ताई, बरंचसं आलंय," मिहिर म्हणाला. "पण नावं गेली. फायलींना नुसते आकडे राहिलेत."

"नावं मी ठेवते," बाई म्हणाल्या.

फायली अकरा हजारांच्या वर होत्या. एकेक उघडायची, ओळखायची, नाव द्यायचं. भूकंपात प्रेसमधले अक्षरांचे शिशाचे खिळे जमिनीवर सांडले होते, तेव्हा त्यांनी आणि अब्बांनी पंधरा दिवस बसून ते खणाखणात भरले होते. पण तिथं अक्षर दिसलं की खण ठरलेला. इथं आकृती कशाची, हे कळल्याशिवाय नाव देता येईना. आजवर सरांनी पेन्सिलीनं बाण काढायचा आणि त्याच्या टोकाला बाईंनी शब्द बसवायचा, एवढंच चाले. शब्दाचा अर्थ काय, ह्याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. आता त्यांनी पाठ्यपुस्तक आणून शेजारी उघडं ठेवलं.

तिसऱ्या आठवड्यात माणसाच्या हृदयाच्या दोन आकृत्या लागोपाठ निघाल्या. एकीत त्रिदल झडप हृदयाच्या उजव्या दोन कप्प्यांच्या मध्ये होती, दुसरीत डाव्या. बाईंनी पुस्तकात पाहिलं. दुसरी चुकीची होती, आणि आठ वर्षं तीच छापली जात होती. दोन्हींचे कागद काढून त्या सरांकडं गेल्या.

"सर, ही माझी चूक हाय. लई वर्षांची."

सरांनी चष्मा लावून पाहिलं. "मी फळ्यावर बरोबर काढतो, पोरं तेच वहीत घेतात," ते म्हणाले. "छापलेलं बघतं कोण?"

बाईंना हे लागलं. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. घरी येऊन झडपांची नावं बदलली, फाईलला 'हृदय, बरोबर' असं नाव दिलं आणि पुढची फाईल उघडली.

जूनमध्ये नव्या नोट्स दुरुस्त होऊन निघाल्या. त्यानंतर बाईंनी एक रीत धरली: मजकुरासोबत धड्याचं पुस्तक आलं नाही तर काम हातात घ्यायचं नाही. दोन मास्तर चिडून दुसरीकडं गेले. रेणुकादास सर कुरकुरले, तरी पुस्तक पाठवू लागले. दिवाळीनंतर त्यांच्याकडून श्वसनसंस्थेचा धडा आला, तेव्हा पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बाई, आधी वाचून बघा.'