सीताफळाचा पाला

दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून गिरडजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा ढवळ्या बैलाच्या खांद्याला जू घासून जखम झाली होती आणि तिच्यात किडे पडले होते. आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर कामाला असलेल्या सालदारांनी, त्यांना मी मामाजी म्हणायची, सीताफळाचा पाला वाटून जखमेत ठासून भरला, वर फडकं बांधलं आणि तीन दिवस कोणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. आजूबाजूच्या गावांतली जनावरं त्यांच्याकडे येत. त्यांच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत.

दुसऱ्या दिवशी फडक्याला कुजका वास येऊ लागला. जखम रोज धुवावी, असं माझ्या आरोग्याच्या पुस्तकात होतं. दुपारी सगळे वावरात गेलेले. मी फडकं सोडलं, पाला काढून टाकला, पोटॅशच्या जांभळ्या पाण्याने जखम धुतली आणि फडकं पुन्हा नीट बांधलं. बैल शांत उभा होता. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

चौथ्या दिवशी पाहिलं तर किडे आणखी आत शिरले होते. गव्हाची पेरणी अडली. बाबा मामाजींना अंगणात सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले. इतकी वर्षं नुसता देखावा केलास, म्हणाले. मी दाराशी उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोलले नाही. मामाजी सोडलेलं फडकं उचलून गोठ्यात गेले.

बाबांनी समुद्रपूरहून ढोरांचा डॉक्टर आणला. आठवड्याभरात किडे गेले.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी शेजारच्या गावची एक म्हातारी लंगडणारा गोऱ्हा घेऊन आली. त्याच्या खुरात किडे होते. मामाजी गोठ्यासमोर दोर वळत बसले होते, ते उठले नाहीत.

"माह्या हाताचा गुण गेला, बाई. दुसरीकडं ने त्याले."

मी तिला गल्लीच्या वळणावर गाठलं. पाला वाटून तुम्हीच भरा, तीन दिवस सोडू नका, असं हळूच सांगितलं.

"पाला तं माह्या बांधावरबी हाय, पोरी," ती म्हणाली. "हात कोनाचा आनू?"

ती गोऱ्ह्याला ओढत निघून गेली. मी परत आले, तेव्हा मामाजींनी वर पाहिलं. मी मान खाली घालून त्यांच्यासमोरून घरात गेले.