खांडेनवमी आणि एस्टोनियाच्या तोफा

माझी सून एस्टोनिया नावाच्या देशाच्या शस्त्रखरेदीवर पीएच.डी. करते आहे. हे वाक्य मुरुमसारख्या गावात मोकळेपणानं बोलायला मला बरेच दिवस लागले. आधी मी "राज्यशास्त्रात करते" एवढंच सांगायचे. पण शेजारच्या किराणा दुकानातल्या अक्कांचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी खोदून खोदून विचारलं, गल्लीभर सांगितलं आणि वर मलाच म्हणाल्या, "वहिनी, तुमची सून बंदुकांचं शिकती म्हणं. मग आमच्या गच्चीवरची माकडं तेवढी हाकलाया सांगा की तिला."

मलाही कुठं कळलं होतं? नवरा शेत बघतो, मी दुकान बघते. ट्रॅक्टरचे सुटे भाग आणि शेतीची अवजारं. मी तिला सरळच विचारलं होतं, "त्या देशानं तोफा घेतल्या काय, न घेतल्या काय, आपल्याला काय त्याचं?"

ती रागावली नाही. म्हणाली, "आई, आपल्या जिल्ह्यात आहेत तेवढीही माणसं नाहीत तिथं. शेजारी मात्र केवढा मोठा, आणि त्याची कायम धास्ती. मोठ्या तोफा काही त्यांना बनवता येत नाहीत. असा देश जगतो कसा, ते त्याच्या खरेदीवरून कळतं."

हे मला पटलं. पटलं नाही ते तिच्या विद्यापीठातल्या समितीला. गेल्या खेपेला तिनं वर्षानुवर्षांच्या आयातीचा आलेख दाखवला, तेव्हा त्यातल्या मॅडम म्हणाल्या होत्या की यात दिशाच दिसत नाही. एखाद्या वर्षी उंच रेघ आणि मग सगळं सपाट. मुदत एकदा वाढवून झाली होती. या खेपेला समितीचं समाधान झालं नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे सगळी मेहनत वाया. ती जेवणात लक्ष देईनाशी झाली होती. मी नुसती वाढत राहिले. बोलून तक्ते सुधारत नाहीत.

बैठक दसऱ्यानंतर होती. म्हणून खांडेनवमीला सकाळी आम्ही नेहमीसारखी अवजारं धुऊन काढली. समोरच्या खोलीत घटाशेजारी पोतं अंथरून त्यावर कुऱ्हाड, विळे, खुरपी, तिफण, फवारणीचा पंप, दुकानातले पाने असं सगळं मांडलं. पूजा सासूबाईंची. वय झालं तरी त्या दिवशी कुंकवाची वाटी त्या दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. सगळं मांडून झाल्यावर त्यांनी माझ्या सुनेला हाक मारली.

"अगं, तुझं अवजार कुठाय? का तुझं काम म्हंजी काम न्हाय?"

ती धावतच आत गेली आणि लॅपटॉप घेऊन आली. या घरात तिच्या कामाला काम म्हणणारं पहिलं माणूस सासूबाईच. त्यांनी लॅपटॉप उघडायला लावला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली.

"आणि फोन, आजी?"

"फोन कुटलं आलंय अवजार? चाळा हाय त्यो."

आमच्याकडे पूजेतलं अवजार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी उचलत नाही. माझ्या सासऱ्यांनी एका खांडेनवमीला, चुलीला लाकडं नाहीत म्हणून, पूजेतली कुऱ्हाड उचलली होती. ती पायावर बसली. मरेपर्यंत ते लंगडत चालले, आणि सासूबाई मरेपर्यंत ते विसरणार नाहीत.

दुपारी तिच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. मॅडमना अचानक परदेशी जायचं ठरलं होतं, त्यामुळे बैठक आजच चार वाजता, ऑनलाइन. नवे तक्ते लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप झेंडूच्या फुलांखाली.

मी म्हटलं, "उचल. आत्यांचं मी बघते." सासूबाईंना मी आत्या म्हणते.

तिनं एकदा पूजेकडे बघितलं. सासूबाई तिथंच भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, पण "नको" म्हणाल्या नाहीत. नुसता पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. ते बघून ती म्हणाली, "राहू द्या आई. आज उचलला तर पुढं माझं काहीही बिनसलं, तरी आजी स्वतःलाच दोष देत बसतील. मी तोंडी सांगते."

मला हा वेडेपणा वाटला. अजूनही थोडा वाटतो.

घरात फोनला रेंज त्याच खोलीत येते. ती पूजेसमोर मांडी घालून बसली, मी दारात. पहिलाच प्रश्न मॅडमचा, "तक्ते कुठं आहेत?"

"मॅडम, आज खांडेनवमी. लॅपटॉप पूजेत आहे. आमच्याकडं उद्यापर्यंत उचलत नाहीत."

पलीकडून कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "मग तोंडी सांगा. दिशा कुठं आहे?"

ती सांगायला लागली. "छोट्या घरात दरवर्षी ट्रॅक्टर येत नाही, मॅडम. एकदा येतो आणि मग कितीतरी वर्षं त्याचे नुसते सुटे भाग येतात. म्हणून एकेक वर्ष बघून चालत नाही, पाच-पाच वर्षं एकत्र धरावी लागतात." मग ती थांबली. समोरच्या पोत्याकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं.

"आणि नुसती किंमत बघूनही चालत नाही," ती म्हणाली. "माझ्यासमोर आमची अवजारं मांडली आहेत. कुऱ्हाड आईंच्या माहेरची. तिफण चुलत सासऱ्यांनी दिलेली, त्यांनी पेरणीयंत्र घेतलं तेव्हा. शेतातलं विकत घेतलेलं असं यात मोठं काही असेल तर तो पंप. पावत्याच बघितल्या तर आमचं शेत एका पंपावर चालतं! एस्टोनियाचंही तसंच आहे. स्वतंत्र झाला तेव्हा हातात फारसं काही नव्हतं. मित्रदेशांनी आपली जुनी शस्त्रं दिली. पुढं वापरलेली विकत घेतली, आणि आता आता नवी. आधी दिलेलं, मग जुनं, मग नवं. दिशा आहे, मॅडम. मी फक्त पैसे मोजत होते, म्हणून ती दिसत नव्हती."

"दानात आलेलं मोजणार कसं?"

"कामावरून. ते शस्त्र काय काम करू शकतं, त्यावरून. तशी पद्धत आहे. पण मी दानाला आयात धरलंच नव्हतं."

मॅडम म्हणाल्या, "हे लिहून आजच पाठवा. अहवाल संध्याकाळी जाणार आहे. लिहिलेलं हातात आल्याशिवाय मी सही करणार नाही."

फोन बंद करून ती माझ्याकडे वळली. "आजच? आई, लॅपटॉप..."

"पेनाला म्या कुटं कुंकू लावलंय?" भिंतीकडून सासूबाई कडाडल्या. "लिव्ह हातानं!"

दुकानाच्या काउंटरवर बसून तिनं हातानं लिहिलं. मी गिऱ्हाइकांना बाहेरच्या पायरीवरूनच सामान दिलं. अक्का डोकावून म्हणाल्या, "तोफा आल्या का हो?" मी म्हटलं, "वाटेत आहेत." पानांचे फोटो काढून अंधार पडायच्या आत पाठवले.

जेवताना सासूबाईंनी विचारलं, "त्या देशाचा शेजारी चांगला न्हाय व्हय गं?"

"न्हाय, आजी."

"मग अवजारं धुऊन-पुसून ठिवत असतील बिचारे."

दसऱ्याच्या सकाळी सरांचा निरोप आला. समितीनं सही केली होती, नोंदणी कायम. दानात आलेल्या शस्त्रांवर एक वेगळं प्रकरण मात्र लिहायचं. म्हणजे काम वाढलं, पण ते तिला चालणार होतं. सासूबाईंनी आपट्याची पानं लॅपटॉपला लावली आणि स्वतः उचलून तिच्या हातात दिला. "घे. आता चालीव."

तो चालेना. चालू झाला, पण हळदकुंकू आत जाऊन कीबोर्डच्या तीन-चार कळा अडकून बसल्या होत्या. सासूबाईंचा चेहरा पडलेला बघून ती घाईघाईनं म्हणाली, "होतो आजी, होतो चालू." मी दुकानातून कार्बोरेटर साफ करायचा बारीक ब्रश आणला आणि चष्मा लावून एकेक कळ झाडून दिली. एका कळेखालून झेंडूची पाकळी निघाली. मग ती नव्या प्रकरणाला बसली आणि मी पुरणाला.