मोरांचा पलंग सरकारजमा

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव. मोहफुलं वेचून झाली होती, तेंदूपत्त्याचे, म्हणजे विडीच्या पानांच्या खरेदीचे, फड लागायचे होते, आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी जो गाढवपणा केला, तो माझ्या बायकोनं आजवर साऱ्या नातेवाइकांना सांगितला आहे. आणि दर वेळी चुकीचा सांगितला आहे. म्हणून आज मीच सांगतो. चहा थंड झाला तरी चालेल, पण मध्ये बोलू नका.

मी भोयर, वनरक्षक होतो. भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. चहूकडे जंगल, आणि पावसाळ्यात नाला चढला की जगाशी संबंध संपला. अशा ठिकाणी क्वार्टर बांधून दिलं तरी नोकरमाणूस राहत नाही. मग सरकारनं काय ठरवावं? क्वार्टरमध्ये सामान द्यायचं! एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. पलंग दिला की माणूस झोपणार, झोपला की तिथेच राहणार. डोकं बघा सरकारचं!

माझी शाळा चौथीपर्यंत. पण सरकारी वस्तू आपली नव्हे, एवढं मला कळतं. जशी मिळाली तशी परत करायची. पलंग आला त्याच दिवशी मी तो भिंतीला लावला, वर चादर टाकली आणि घरात हुकूम काढला, यावर कोणी बसायचं नाही.

"मंग झोपाचं कुठी?" सुभद्रानं, म्हणजे बायकोनं, विचारलं.

"खाली. आजवर कुठी झोपत होतो?"

"मंग सरकारनं हा देला काऊन?"

"तुले नाई देला. क्वार्टरले देला."

काही वर्षं आम्ही त्या पलंगाशेजारी चटईवर झोपलो. माझा साळा पाहुणा आला, त्याची कंबर धरली होती, तरी मी त्याला बसू दिलं नाही. तो अजून माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे.

मग कुठून तरी तक्रार गेली, की कर्मचारी क्वार्टरचं सामान विकून खातात, नाहीतर गावी पाठवतात. नवे साहेब प्रत्येक क्वार्टरमध्ये जाऊन सामान डोळ्यांनी पाहणार, असा निरोप आला. मला कशाची भीती? मी उलट खूश. सुभद्राला म्हणालो, "चादर काढ. पुसून घे."

तिनं चादर काढली, ओला फडका घेतला आणि पायावर जरा जोर दिला. पाय नुसता बसला. भुगा! वरून रंग शाबूत, आत काही नाही. दुसरा पाय धरला, तोही गेला. त्या पलंगावर मी बसलो नव्हतो, बायको बसली नव्हती, साळा बसला नव्हता. वाळवी मात्र सहकुटुंब बसली होती!

आता सांगा, साहेबाला काय म्हणणार होतो? न वापरलेला पलंग वाळवीनं खाल्ला? कोण मानेल? भोयर गार्डनं पलंग विकला, हेच होणार. मी आयुष्यात कोणाची विडी फुकट ओढली नाही, आणि माझ्या नावावर पलंग चिकटणार!

"गफूरभाईचा मांगून आणा ना," सुभद्रा म्हणाली. "एका दिवसाचं तं काम हाये."

गफूरभाईंचं आमच्या समोरच किराण्याचं दुकान. त्यांच्या मुलीचं, शबनमचं, लग्न ठरलं होतं. बकरीद झाली की लग्न. मुलगा घुग्घुसला कोळसा खाणीत नोकरीला. आंदणात द्यायला गफूरभाईंनी अहेरीच्या सुताराकडून सागवानी पलंग करून घेतला होता. लाकूड लिलावातलं होतं, त्याची पावती मी स्वतः तपासली होती. उशाला दोन मोर, समोरासमोर, पिसारा फुलवलेले. सारं गाव पाहून गेलं होतं.

"ले जाओ भाऊ," गफूरभाई म्हणाले. "पण जपून. पोरीनं अजून त्याच्यावर कोणाले बोट नाई लावू देलं. तिच्या सासऱ्यानं पाहून पसंत केला हाये. तो गेला का माही इज्जत गेली."

"गफूरभाई, पलंग कोणाच्या हातात देऊन राह्यले, ते तं पाहा!"

हे मी म्हणालो. छाती पुढे काढून म्हणालो.

मोडका पलंग मागच्या परसात चुलीच्या लाकडांखाली लपवला आणि मोरांचा घरात आला. खोलीचं एकदम लग्नघर झालं. पण सरकारी पलंगावर पांढऱ्या रंगानं नंबर होता, यावर काहीच नाही. मी रंगाचा डबा काढला, तर सुभद्रा म्हणाली, "ताज्या रंगाचा वास येईन. साहेब का नाक घरी ठेवून येते?"

खरं होतं. आणि तिथेच माझं डोकं चाललं. माणसाचं डोकं चालतं तेव्हा त्याला कोणी धरून ठेवायला पाहिजे.

आम्हा वनरक्षकांकडे निशाणीचा हातोडा असतो. त्याच्या तोंडावर सरकारी अक्षरं कोरलेली. तोडलेल्या लाकडावर तो ठोकला की ठसा लाकडात रुततो, आणि ते लाकूड सरकारचं झालं. त्याला ना रंग, ना वास. मी हातोडा काढला, पलंगाच्या मागच्या पायाला आतून धरला आणि एकच घाव घातला. ठप्प! काय सुंदर ठसा उठला!

सुभद्रा वाकून पाहत होती. "आता हा पुसाचा कसा?"

"हातोड्याचा ठसा पुसत नसते," मी ताठ मानेनं म्हणालो.

बोललो, आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, मागे ट्रॅक्टरची ट्रॉली आणि चार माणसं. तरणे, पुण्याकडचे, कामाला चोख. टेबल पाहिलं, खुर्च्या पाहिल्या आणि पलंगापाशी थांबले.

"भोयर, हा पलंग सरकारनं दिला?"

"होय साहेब."

"मोरसुद्धा सरकारनं दिले?"

"होय साहेब."

मला खोटं बोलायची सवय नाही. त्यामुळे एकदा सुरू झालो की कुठे थांबायचं ते कळत नाही. साहेब गुडघ्यावर बसले, पाय तपासला, ठसा सापडला. तोंड उजळलं त्यांचं!

"पलंग आपलाच आहे. पण हा चुकून इकडे आला. वनरक्षकाच्या क्वार्टरला साधा पलंग, असा नियम आहे. हा विश्रामगृहाचा असणार. घ्या रे ट्रॉलीत. भोयर, तुला साधा पाठवून देतो."

पलंग गफूरभाईंचा आहे म्हणावं, तर त्यावर हातोडा कोणी मारला? सरकारचा म्हणावं, तर मोर चालले! चार माणसांनी पलंग उचलून ट्रॉलीत टाकला. समोर गफूरभाई तराजू हातात धरून दुकानाच्या पायरीवर आले.

"भाऊ, पलंग कुठी चालला?"

साहेब माझ्याकडे पाहत होते.

"सरकारी कामाले चालला," मी म्हणालो.

ट्रॉली गेल्यावर मी दुकानात जाऊन सारं सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गफूरभाई एका बाईची साखर तोलत होते. ती पुरती तोलली, पुडी बांधली आणि मग म्हणाले, "बकरीदनंतर लगीन हाये. तोवर आणा."

बस. एवढंच.

हिंमत गोळा करण्यात चार दिवस गेले, मग मी सायकल काढली आणि विश्रामगृह गाठलं. तिथला खानसामा मारोती व्हरांड्यात बसला होता. मी पलंगाचं विचारलं.

"अरे बाप रे, काय पलंग हाये भाऊ! साहेब म्हणते, कंबर अशी कधी मोकळीच झाली नव्हती. आता तं दौरा नसला तरी मुक्कामाले येऊन राह्यले. आताही आतच हायेत."

साहेब पलंगावर मांडी घालून चहा पीत होते. मी दारात उभं राहून सारं सांगितलं. वाळवी, गफूरभाई, हातोडा, मोर. काही राखलं नाही.

साहेबांनी बशी खाली ठेवली. "तू पलंगावर हातोडा मारलास?"

"होय साहेब."

"वाळवी लागली, हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खरं मानलं नसतं."

त्यांनी उशाचे मोर एकदा पाहिले. "नसतंच मानलं," म्हणाले, आणि मग जे हसू फुटलं त्यांना! डोळ्यांतून पाणी. मी सावधान उभा. मारोती दाराआड हसत होता, तो आवाज मला वेगळा ऐकू येत होता.

हसणं थांबल्यावर साहेब म्हणाले, "पण आता पंचाईत आहे. विश्रामगृहात एक नग जमा झाला. तो वजा करायचा तर समिती बसेल, वरून मंजुरी येईल, तोवर तुमच्या शबनमला पोरं होतील. त्यापेक्षा नगाला नग आण. चार पाय पाहिजेत आणि झोपता आलं पाहिजे. बाज आणलीस तरी चालेल."

सुतळीनं विणलेली बाज! ती तर घरोघरी असते. मी खुशीत निघालो. एखादी बाज मागायची, साधी गोष्ट.

साधी? ऐका पुढे.

गफूरभाईंचा पलंग ट्रॉलीतून जाताना बाजारातल्या लोकांनी पाहिला होता. त्याच संध्याकाळपर्यंत गावात झालं, गार्डभाऊनं पोरीच्या आंदणाचा पलंग सरकारजमा केला. पुढच्या पाड्यावर झालं, सरकारी क्वार्टरले खाटा कमी पडून राह्यल्या, म्हणून गावातून उचलून राह्यले. त्याच्या पुढच्या पाड्यावर तर नवा कायदाच निघाला होता!

मी सायकलवरून दिसलो की बाजा उठायच्या. झाडाखाली धुळीत चार पायांच्या खुणा ताज्या, आणि बाज गायब. एका घरासमोर म्हातारी आडवी उभी राहिली. "आमच्या घरी बाज नाई, गार्डभाऊ. कधीच नव्हती."

"काल तुमचा बुढा बाहेर बाजेवर झोपला होता ना?"

"बुढाही नाई."

मागे पाहतो तर दोन जण बाज खांद्यावर घेऊन जंगलात पळत होते, आणि बुढा तीवर झोपलेलाच! एक हात खाली लोंबत होता. मी टोपीसुद्धा काढली, वाटलं मयत निघाली.

सरपंचाकडे गेलो. म्हटलं शहाणा माणूस आहे. त्यानं मला घरात घेतलं, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "आमच्या गावाले किती बाजांचा कोटा हाये, ते एकदाचं सांगून टाका ना."

"कोटा-बिटा काही नाई! मले एक बाज पाहिजे. उसनी."

"गफूरभाईचा पलंगही उसनाच होता म्हणे."

मी ज्या इलाख्यात लोकांना चोरटं लाकूड लपवताना पकडायचो, तिथे लोक माझ्यापासून स्वतःची अंथरुणं लपवत होते! सायकल घेऊन वणवण केली. उन्हानं टाळू भाजली. बाज मिळाली नाही, आणि नवी करायला सुतार लग्नसराईत महिनाभर हात लावायला तयार नव्हता.

बकरीद झाली. दर ईदला येणारा डबा गफूरभाईंकडून आला नाही. शबनम विहिरीवर दिसायची, पूर्वी "चाचा" म्हणून हाक मारायची, आता घागर उचलून निघून जायची. गफूरभाईंच्या घरून सुभद्राला खबर होती. मुलाकडच्यांचा निरोप आला होता, आंदणाची गाडी भरायला सासरा स्वतः येणार. पलंग दिसला नाही तर तो काय म्हणेल, या काळजीनं त्या घरात जेवण जात नव्हतं. माझ्याही घरात जात नव्हतं.

आणि एका सकाळी क्वार्टरच्या दारात गफूरभाई उभे. डोक्यावर स्वतःची बाज.

"घ्या," म्हणाले. "मी हिच्यावर झोपतो. लगीन मोडण्यापक्षा पाठ मोडलेली बरी. पण पलंग आज आणा भाऊ. उद्या नाई."

मी बाज घेतली. बैलगाडी केली, विश्रामगृहात बाज उतरवली. मारोतीनं ती पाहिली आणि नाक मुरडलं. "हे? साहेबाले?"

"नगाला नग," मी म्हणालो आणि पलंग गाडीत चढवला. वाटभर गाडीत उलटा बसून दोन्ही मोरांच्या माना धरून आलो, कुठे घासले जाऊ नयेत म्हणून. ते पाहायला मात्र पाड्यापाड्यावरचे लोक बाहेर आले होते. बाजासुद्धा बाहेर आल्या होत्या.

लग्न लागलं. जेवणं झाली. घुग्घुसहून आलेल्या मेटाडोरमध्ये सामान चढू लागलं. मी हातात ताट घेऊन एका कोपऱ्यात उभा होतो. पलंग चढवायला आडवा केला आणि नवऱ्या मुलाचा बाप वाकला. ठशावर बोट ठेवलं.

"ये क्या है?"

सामान चढवणारे थांबले. गफूरभाई माझ्याकडे पाहत होते. मी हातातला घास ताटात ठेवला.

"सरकारी निशाणी हाये," मी म्हणालो. "मीच मारली."

तो माणूस उभा राहिला. मला वरून खाली पाहिलं. आणि गफूरभाईंना अशी कडकडून मिठी मारली!

"वा गफूरमियां! लोक आंदणात चोरीचा सागवान देते, आणि जंगलनाक्यावर लाकूड पकडलं का बापाची इज्जत उतरते. तुम्ही सरकारी ठप्पा मारून देला! मान गये!" मग माझ्याकडे वळला. "गार्डसाहेब, इतकं केलं तं त्या कपाटावरही एक मारून द्या ना."

सारी नोकरी लोक माझ्यापुढे हात जोडत आले, की भाऊ, हातोडा मारू नका. आणि इथे हात जोडून मागत होते, मारा म्हणून! ओढणीआडून शबनम खुदकन हसली, मग बायका हसल्या, मग सारा मंडप. मी ताट खाली ठेवलं आणि घरची वाट धरली.

ते कपाट तर लोखंडाचं होतं!

लग्नानंतर गफूरभाई दुकानात पोत्यांवर झोपत होते. तेंदूचे फड उठल्यावर मी लिलावातलं ऐनाचं लाकूड विकत घेतलं, सुताराकडून चौकट करून घेतली आणि अंबाडीच्या सुतळीनं बाज स्वतः विणली. डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडला आणि त्यांच्या अंगणात सावलीत ठेवली.

गफूरभाई बाहेर आले. विणीवर तळहात दाबून पाहिला. आत जाऊन उशी आणली आणि आडवे झाले.

मी घरी आलो.