बसवलेले कॅमेरे

शर्यतीच्या माळावर चाचा कॅमेऱ्याखाली थांबत, मान वर करून बघत आणि म्हणत, "मला तो दिसतो. मी त्याला दिसतो का?"

आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता. महाड-पोलादपूरच्या मधल्या आमच्या गावात घोड्यांच्या शर्यतीच्या निकालावरून दरवर्षी डोकी फुटत, म्हणून ग्रामपंचायतीचा निधी आणि गावाची वर्गणी मिळून हे कॅमेरे आले होते. आखातातल्या पोरांची वर्गणी चाचांनीच फोन करकरून मिळवलेली. त्यांचा धंदा टेम्पोचा, जीव मात्र आपल्या पांढऱ्या घोडीत.

कॅमेरे 'बसवले' ते गणपती बसवावा तसे. मी शाळामास्तर, म्हणून नारळ माझ्या हातून आणि भाषणही माझंच. भाषणाच्या भरात मी कॅमेऱ्याच्या काचेला हळदकुंकूही लावलं. पुढे खांबाजवळ आलो की मी तंबाखू लपवायचो आणि पोट आत घ्यायचो.

चाचा म्हणत, "गुरुजी, पोट सोडा. गुदमराल."

त्या वर्षी शर्यतीत चाचांची घोडी गर्दीत शिरली आणि एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. शर्यत समितीने ठरवलं, चाचांनी घोडी मुद्दाम गर्दी अडवायच्या दोरीबाहेर काढली. त्यांना कायमची बंदी. चाचा म्हाताऱ्याच्या उशाशी रोज जाऊन बसायचे, पण बंदी त्यांना मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं, दोरी आधीच सुटली होती आणि माणसंच आत आली होती.

"मग कॅमेरा कशाला हाय? लावा तो. माझी चूक दिसली तर मीच घोडी विकतो."

ग्रामसभेत त्यांनी हेच मागितलं. सरपंच मशीन बिघडल्याचं सांगू लागले, तेव्हा मला राहवलं नाही. उठून म्हणालो, "काचेला कुंकू मी लावलं होतं. चित्र जरा लाल आलं असेल, पण आलं असेल."

सभा पोट धरून हसली. सरपंचांनी तर तेच उचललं. "बघा, गुरुजी स्वतःच म्हणतायत. कुंकवानंच बिघडलं."

चाचा हसले नाहीत. "खाली काढा. सगल्यांचा पैसा हाय, सगल्यांसमोर उगडा."

वायरमन खांबावर चढला. कॅमेऱ्याचा डबा सभेच्या टेबलावर आणून उघडला गेला. पुढे काच, आणि मागे काहीच नाही. वायर नाही, यंत्र नाही. कोपऱ्यात कुंभारमाशीनं बांधलेलं मातीचं घर तेवढं. दुसरा डबा उघडला, तोही तसाच. सगळे वाकून वाकून डब्यात बघत होते. मागे बसलेल्या बायकांतली एक हळूच म्हणाली, "अगो बाय, ह्याच्यासमोर आमी पदर सावरायचो."

सरपंचांनी शांतपणे ठराव वाचला. "'कॅमेरे बसवणे' असं लिहिलंय. बसवले. चालवणे कुठं लिहिलंय?"

मला वाटलं, आता सभा उसळणार. तसं काही झालं नाही. उलट समितीचा एक जण उठला आणि म्हणाला, चित्रच नाय म्हटल्यावर चाचांच्या बाजूला पुरावा नाय, बंदी तशीच ऱ्हावू दे. आणि भराभर हात वर गेले. आत्ता जे डब्यात वाकून बघत होते, त्यांचेच हात. मी माझा खाली दाबून धरला. खालचे हात कुणी मोजत नाही. चाचा एकेका हाताकडे बघत होते, जणू ओळख पटवून घेत होते.

कॅमेऱ्यांच्या पैशाची चौकशी व्हावी म्हणून चाचांनी तालुक्याला अर्ज केला. चौकशी रेंगाळली. पुढल्या शर्यतीला मी, समितीने गुरुजी म्हणून दिलेल्या मानाच्या खुर्चीवरून सटकलो आणि सावित्री नदीवर गेलो. चाचा गुडघाभर पाण्यात घोडीला धूत होते.

"तुमी जा गुरुजी, शर्यत सुरू व्हईल."

"नाय जात."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते मुलाकडे कुवेतला गेले, आणि तिकडेच वारले. पण मला दिसतात ते त्या पाण्यातले. माळावरचा लाउडस्पीकर एकेका घोड्याचं नाव पुकारत होता. दर नावाला घोडीचे कान तिकडे वळत, अंग थरथरे. चाचांनी हातातला अंग घासायचा काथ्या पाण्यात सोडून दिला आणि दोन्ही तळव्यांनी तिचे कान झाकून धरले.