फ्रेमवर टाकलेलं नाव

मुलीची सायकल घेताना मी फ्रेमला हातही लावला नाही. फक्त कार्ड वाचलं. फ्रेमला लाइफटाइम वॉरंटी! एरवी मी ताकही फुंकून पिणारा माणूस. पण कंपनी जन्मभराची हमी देते म्हणजे माल खणखणीतच असणार, असं ठरवून मोकळा झालो. शेजारी दोनच वर्षांची हमी असलेली एक सायकल होती. मुलीला ती आवडली होती. मी तिला त्या सायकलवर बसूही दिलं नाही.

अमरावतीहून सायकल अकोल्याला घरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी चोरीची धास्ती लागली. मग भांड्यांच्या दुकानात नेली. डब्या-पातेल्यांवर मशीननं नाव टाकून देतात ना, तसंच हँडलजवळच्या नळीवर तिचं नाव टाकून घेतलं. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

वर्षभरानं एका सोमवारी सायकल पुसत होतो, तर नावाच्या शेवटच्या अक्षराजवळ केसाएवढी रेघ दिसली. रंग तडकला की धातू? येत्या रविवारी ती मैत्रिणींबरोबर, सायकली टेम्पोत टाकून, चिखलदऱ्याच्या पायथ्याशी जाणार होती; पुढे सायकलवर. घाट चढायचा आणि तोच उतरायचा. मला कुठे बसवेना. चहा अर्धा टाकून उठायचो, अंगठ्यानं रेघ चाचपायचो, परत यायचो, परत उठायचो.

"दिवसभर काय चाचपून राहिले?" बायको वैतागली. "दाखवा ना कोनाले तरी."

अमरावतीच्या दुकानदाराला फोटो पाठवला, त्यानं तो कंपनीला पाठवला. गुरुवारी त्याचा फोन आला. "काका, कंपनी नाही म्हनते. फ्रेमवर कोरलं की वॉरंटी खतम. तुमाले नाव टाकाले कोनं सांगतलं? सायकल हाये का घागर हाये?"

मी त्याच्यावर ओरडलो. चूक माझीच होती, म्हणून जरा जास्तच ओरडलो.

कार्ड चालत होतं तोवर मी स्वतःला सांगत होतो, रंगच असेल. ते गेलं, तेव्हा कुठे संध्याकाळी मुलीला घेऊन चौकातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं रेघेवर रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वरून खडूची भुकटी लावली. थोड्या वेळानं पांढऱ्यावर काळी भेग उमटली. दिसत होती त्याच्या तिप्पट लांब.

"नाव टाकल्यामुळे झालं का?" मी विचारलं. चार दिवस हाच प्रश्न मला खात होता.

"नाही जी. जोडापासून निंगाली हाये. जोडच कच्चा होता."

"मग जन्मभराची हमी कशाला लिहितात?"

"लिवाले काय जाते? कार्ड कोन सांभाळून ठेवते इतकी वर्षं? अन् ठेवलं त काही ना काही खुसपट निंगतेच."

मला हायसं वाटलं. लाज वाटावी इतकं हायसं वाटलं. दोष फ्रेमचा होता, माझा नव्हता.

मुलगी वाकून भेग बघत होती. म्हणाली, "बाबा, मागच्या रविवारी पातूरचा घाट उतरताना हँडल थरथरत होतं. मैत्रिणी म्हने, थांब, पायी उतर. मी नाही थांबली."

"काहून?"

"तुमीच सांगतलं होतं ना, या फ्रेमले जन्मात काही होत नाही."