हायाशी-सानचं निळं फडकं

नाशिकला आमच्या इंदिरानगरच्या घरासमोर गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि आई माझ्या बॅगेत स्टीलचा डबा कोंबत होती. आत पातळ पोह्यांचा चिवडा. "आई, वजन वाढेल गं!" तर म्हणे, "वाढू दे. आणि ध्यानात ठेव, शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. तिकडंसुद्धा." मला हसूच आलं. जपानात मला कोण भांडं देणार होतं, डोंबल!

तुम्ही नाशकात राहिलेले असा की माझ्यासारखे बाहेर पडलेले, सगळ्यांनाच सांगते, योकोहामा मला पहिल्या आठवड्यातच आवडलं. घरात घालायच्या सपाता वेगळ्या, संडासातल्या वेगळ्या. त्या चुकून पायात राहिल्या आणि तशीच पाहुण्यांसमोर आले, तेव्हा लाजेनं मेले. ट्रेनचा मोटरमन एकटाच सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलतो. मला वाटलं, बिचाऱ्याचं काही बिनसलंय! मग कळलं, चूक होऊ नये म्हणून तिथली ती पद्धतच आहे. संध्याकाळी पाचला गल्लीतल्या भोंग्यावर गाणं लागतं, म्हणजे पोरांनो, खेळ आवरा. आमच्याकडे हे काम आई गच्चीतून ओरडून करायची.

भीती एकच होती. परदेशी माणसाला तिथं भाड्यानं घर मिळणं अवघड. एजंटनं चावी देतानाच बजावलं होतं, शेजाऱ्यांची वासाची तक्रार आली तर करार वाढणार नाही. आणि मी बाई नाशिकची! पहिल्याच रविवारी खिडकी उघडी टाकून मिरच्या भाजल्या, ठेचा केला. अख्खा मजला खोकला. शेजारी हायाशी-सान, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत हायाशीबाई, राहायच्या, सत्तरी उलटलेल्या, एकट्या. उरलेला चिवडा आईच्या डब्यात भरून मी त्यांच्या दारात गेले आणि वाकून माफी मागितली. त्या माझ्याहून जास्त वाकल्या.

डबा परत आला तो निळ्या फडक्यात बांधून, आत संत्री. आता फडकं त्यांचं. रिकामं कसं द्यायचं? मी शंकरपाळे बांधून दिले. फडकं पुन्हा माझ्या दारात, आत तांदळाची मिठाई. मी लाडू, त्यांचा केक. मी चकल्या, त्यांचं लोणचं. वर्षभर हेच! ऑफिसातल्या युकोला गंमत म्हणून सांगितलं, तर ती हसता हसता थांबली. "अगं, आमच्यात काही मिळालं की उलट काहीतरी द्यावंच लागतं. तू थांबल्याशिवाय त्यांना थांबता येणार नाही."

 म्हातारीला मी वर्षभर दमवत होते की काय! त्यात करार संपायला आलेला. मग मी फडकं धुतलं, इस्त्री केली आणि जन्मात पहिल्यांदा रिकामं परत दिलं. हायाशी-साननी ते घेतलं, वाकल्या, दार लावून घेतलं. मला फार वाईट वाटलं. कुणाला आणखी त्रास नको म्हणून फोडणीही बंद केली आणि ब्रेडवर दिवस काढले.

आठवड्यानं बेल वाजली. दारात हायाशी-सान. म्हटलं, झालं, आली तक्रार. त्या माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुझ्या घरातून वास येत नाही. आजारी आहेस का?" हातात तेच निळं फडकं, आत गरम सुपाचं भांडं. मी तिथंच ढसाढसा रडले. मग त्यांना आत बसवलं आणि खिडकी सताड उघडून मोहरी-जिऱ्याची चरचरीत फोडणी दिली. त्या खोकल्या, हसल्या, पुन्हा खोकल्या. पुढं एजंट चौकशीला आला तेव्हा त्यांनीच त्याला सांगितलं, या मुलीला राहू द्या. करार वाढला.

यंदा सुट्टीत नाशिकला आले तेव्हा ते फडकं बॅगेत होतं, आईचा डबाही. लोक विचारतात, आता तुझं घर कुठलं? मी बेधडक सांगते, दोन्ही. आपलं भांडं ज्यांच्याकडे राहिलंय आणि ज्यांचं आपल्याकडे, तिथं आपण परके नसतो.

निघायच्या दिवशी आईनं स्टीलच्या त्याच डब्यात मनुका भरल्या, निळ्या फडक्याची गाठ घट्ट मारली आणि म्हणाली, "त्यांना सांग, फडकं तुमचं, पण डबा माझा आहे. परत द्यायला इंदिरानगरला स्वतः या."

मी गाडीत बसले, तरी खिडकीशी येऊन पुन्हा म्हणाली, "आणि रिकामा आणला तरी चालेल म्हणावं."